तारीख सांगून येणारे संकट

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२ पासून तो पाळला जातो आणि दर वर्षी त्याला एक विषय दिला जातो. यंदाचा, म्हणजे २०२५ चा विषय आहे आपत्तीच्या आणि आणीबाणीच्या काळात माणसांना मानसिक आरोग्याच्या सेवा मिळणे. विषय ठरवणाऱ्यांच्या नजरेसमोर युद्धे असतील, भूकंप असतील, निर्वासितांच्या छावण्या असतील. आपल्याकडे सप्टेंबरातल्या पुराचा चिखल अजून पुरता वाळलेला नाही. सोयाबीन सडले, जमिनी खरवडून गेल्या, वह्या-पुस्तके पाण्यात गेली. बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातल्या मुलांची एक आपत्ती मात्र अशी आहे की तिला हवामान खात्याचा इशारा लागत नाही. ती दर वर्षी ठरल्या वेळी येते आणि यंदाची तिची तारीखसुद्धा जाहीर झाली आहे. राज्य सरकारने ऊस गाळपाचा हंगाम १ नोव्हेंबरपासून सुरू करायचे ठरवले आहे. म्हणजे हातात तीन आठवडे आहेत.

शाळांत सध्या पहिल्या सत्राची परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्टीची गडबड आहे. गावात दुसरीच गडबड चालू आहे. मुकादमाकडून आगाऊ उचल कुणी घेतली, कुणाची टोळी कुठल्या कारखान्याला, सांगलीकडे की कर्नाटकात, गाडी कधी लागणार, याची बोलणी ओसरीवर, पारावर आणि मुलांच्या देखतच होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो कोयता दिवाळी झाली की निघतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. बीड जिल्ह्यातून असे काही लाख लोक ऊस तोडायला जातात. पुराने खरीप बुडाल्यावर यंदा हा आकडा कमी होईल असे मानायला काही आधार नाही. ज्या घरात मागच्या वर्षी एकच कोयता होता, तिथे यंदा थोरल्या पोराचाही कोयता होऊ शकतो.

सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा वर्ग अर्धा झालेला असतो. पटावर नाव आहे आणि बाकावर मूल नाही, या गोष्टीची शिक्षण खात्याला काळजी आहे, हे मान्य केले पाहिजे. हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिले जाते, २०१७ पासून बालरक्षक म्हणवणारे शिक्षक गावोगाव मुले थांबवण्यासाठी फिरत आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे. पण या साऱ्या यंत्रणेचा प्रश्न एकच असतो: मूल शाळेत आहे का? ते कोणत्या मनाने शाळेत आहे, हे विचारायला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

थांबलेल्या मुलाचेच बघा. आई-बाप गेले, ते आजीपाशी राहिले. कागदावर ही यशोगाथा आहे, स्थलांतर रोखले. अनेक ठिकाणी हंगामी वसतिगृह म्हणजे शाळेत किंवा गावातल्या एखाद्या घरी दोन वेळचे जेवण, झोपायला मूल आजीकडेच. पोटाची सोय झाली, हे थोडे नव्हे. पण रात्री आठनंतर त्या मुलाचे काय होते? आजीला कमी दिसते, कमी ऐकू येते, तिचे स्वतःचे गुडघे दुखतात. थोरली मुलगी असेल तर बारक्याला आंघोळ घालण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळे तिच्यावर येते आणि ती अकरा-बारा वर्षांची असते. फोन येतो तो आई-बापाला फडावरून झोपडीवर, म्हणजे कोपीवर, परतल्यावर, गाडी भरायची असेल तर तोही नाही. सिरसाळा, मोहा, धर्मापुरी या भागातल्या कुठल्याही जुन्या शिक्षकाला विचारा. नोव्हेंबरात मुलांची पोटे दुखू लागतात. तपासून काही निघत नाही. तिसरीतले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. बोलके मूल गप्प होते, गप्प मूल मारामारी करते. घरी याला नजर म्हणतात, बाहेरचे म्हणतात. शाळेत आळस म्हणतात, कधी माज म्हणतात. नाव काहीही द्या, उपाय बहुतेक वेळा एकच होतो: दम भरणे.

जे मूल सोबत गेले त्याची गोष्ट आणखी वेगळी. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा आल्यावर त्या मागे पडल्या, कारण मुलाने जवळच्या नियमित शाळेत जावे असा कायद्याचा आग्रह आहे. आग्रह बरोबरच आहे. पण नव्या गावात, जिथे टोळीचा तळ वेशीबाहेर असतो, तिथल्या वर्गात हे मूल हंगामाच्या मध्यात येऊन बसते तेव्हा त्याची ओळख ‘कोयत्याचं पोर’ एवढीच असते. कर्नाटकात गेले तर फळ्यावरची लिपीही परकी. मग ते फडातच बरे असते. पाचटात खेळते, वाढ्याच्या मोळ्या बांधते, लहान भावंड सांभाळते.

देशपातळीवरची आकडेवारी या मुलांच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही, आणि त्याचे कारण बघण्यासारखे आहे. एनसीईआरटीने शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली, त्यात सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थी होते. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता वाटते, असे ८१ टक्के मुलांनी सांगितले. ही पाहणी झाली जानेवारी ते मार्च २०२२ या काळात. म्हणजे ऐन हंगामात. त्या महिन्यांत फडात असलेले परळी, वडवणी किंवा धारूरचे मूल त्या मोजणीत येणार तरी कसे? परीक्षेची भीती खरी आहे, तिच्याविषयी पुढे बोलू. पण मुलांच्या मनावरचा ताण म्हणजे परीक्षेचा ताण, हे समीकरण शहरांनी मांडलेले आहे आणि आपण ते जसेच्या तसे उचलले आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ‘परीक्षेला सामोरे जाताना’ अशी व्याख्याने परळीतही होतात. नोव्हेंबरात, आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणाचेच व्याख्यान नसते.

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालाकडे पाहिले पाहिजे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने मानसिक आरोग्य हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. स्वतंत्र कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. न्यायालयाच्या पुढे आकडा होता तो २०२२ चा: त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला होता. शिक्षकांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, मदतीचे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावणे, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत त्यांची शोभा करणे बंद, अशी त्यातली कलमे आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे.

शंभराची ही रेघ परळी शहरातल्या मोठ्या हायस्कुलांना लागू पडेल. तांडे, वाड्या, वस्त्या यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा तिच्या खाली राहतील. ज्या मुलांची आई सहा महिने घरात नसते ती मुले नेमकी याच शाळांत आहेत. तेव्हा पहिली सूचना अशी की मोजणी शाळेची न करता केंद्राची करावी. एका केंद्राखाली दहा-पंधरा शाळा असतात, केंद्रप्रमुख असतो, शिक्षण परिषदा होतात. एका केंद्रातली मुले एकत्र मोजली तर शंभर सहज ओलांडली जातात. मग त्या केंद्रासाठी एक समुपदेशक नेमता येतो, ठरल्या वारी ठरल्या शाळेत तो जाऊ शकतो, आणि त्याच्या कामाचे वर्ष जूनपासून न धरता ऑक्टोबरपासून धरता येते. यासाठी न्यायालयात परत जावे लागत नाही. लहान संस्थांसाठी जी जोडणी सांगितली आहे, तिचाच हा अर्थ गटशिक्षणाधिकाऱ्यांना लावता येईल.

आणि जोडायला आपल्याकडे काही नाही, असेही नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय परळीपासून पंचवीस-एक किलोमीटरवर आहे. लोखंडी सावरगावला मानसिक आजार आणि वृद्धांच्या उपचारांसाठी सरकारने इमारत उभारली, कोविडच्या लाटेत तिचे कोविड रुग्णालय झाले आणि जिल्ह्याला ती त्याच नावाने लक्षात राहिली. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असते. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून, म्हणजे बरोबर तीन वर्षे चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तरीही शाळा आणि ही ठिकाणे यांच्यात रस्ता नाही. देवऋषी मोटारसायकलवरून घरी येतो, मानसोपचाराचा डॉक्टर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत सापडतो, आणि त्या रांगेत कुणी ओळखीचे भेटले तर ‘डोक्यावर परिणाम झालाय’ ही बातमी मुलाच्या आधी गावात पोहोचते. लोक आधी देवऋषीकडे का जातात याचे उत्तर केवळ अंधश्रद्धेत शोधणे अन्यायाचे होईल. तो सहज सापडतो, हेही कारण आहे.

सगळेच मुळापासून उभारायचे आहे अशी निराशा करून घ्यायचे कारण नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम २००९ मध्ये याच बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांतून सुरू झाला, मग तो राज्यभर गेला. वर्गात गोल करून बसायचे, जोडीने बोलायचे, आज काय वाटले ते सांगायचे, दुसऱ्याचे पूर्ण ऐकायचे, भांडण कसे मिटवायचे ते आपसांत ठरवायचे. मानसिक आरोग्य हा शब्द न वापरता त्या वर्गांत मानसिक आरोग्याचेच काम होत होते, असे आमचे मत आहे. गेल्या वर्षीपासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे. दप्तराविना एक दिवस ही कल्पना चांगलीच, पण फोटो काढून गटावर टाकले की शनिवार संपला, अशी तिची गत होऊ नये. नोव्हेंबर ते मार्चमधला एक तरी तास या मुलांना आई-बापाला पत्र लिहायला किंवा शाळेच्या फोनवरून बोलायला दिला, तर शनिवारच्या नावाला अर्थ येईल.

हे करणार कोण, तर शिक्षक. शिक्षकाचे मन कसे आहे, हे मात्र मानसिक आरोग्याच्या भाषणांत येत नाही. याच वर्षी मार्च महिन्यात बीडमध्ये, वर्षानुवर्षे पगाराविना शिकवलेल्या एका आश्रमशाळेतल्या शिक्षकाने आयुष्य संपवले. जिल्हा हादरला, आठवडाभर चर्चा झाली. दुसरीकडे १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) अनिवार्य ठरवली, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे त्यांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायची आहे. परीक्षेला घाबरू नका असे मुलांना सांगणारे सर सध्या मधल्या सुट्टीत स्वतःच मार्गदर्शिका चाळत बसले असतील, यात हसण्यासारखे थोडे आणि चिंता करण्यासारखे बरेच आहे. वर मतदारयाद्या, ऑनलाइन माहित्या आणि पुढच्या काही महिन्यांतल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची कामे. अशा माणसाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक करता येत नाही आणि करूही नये. त्याला फक्त ओळखता यायला हवे की हे मूल नेहमीसारखे नाही, आणि त्याला एक माणूस माहीत हवा ज्याच्याकडे ते सोपवता येईल. तो माणूस आज नाही.

बीडच्या मुलांच्या वाट्याला अलीकडे आणखी एक गोष्ट आली आहे आणि तिच्याविषयी शाळांनी पाळलेले मौन आम्हाला खटकते. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. मार्चमध्ये त्या क्रौर्याची छायाचित्रे बाहेर आली आणि ज्या ज्या घरात मोबाइल आहे त्या घरातल्या मुलांपर्यंत ती पोहोचली. या हत्येच्या बातम्यांत वाहिन्यांवर महिनोन्‌महिने परळीचे नाव राखेच्या टिप्परांसोबत आणि पिस्तुलांच्या फोटोंसोबत येत राहिले. आपल्या गावाचे नाव बाहेर सांगताना अडखळणारी पोरे तयार झाली. घरातल्या, पारावरच्या बोलण्यात जातीवरून ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ आले, ते वर्गाच्या बाकापर्यंत गेले. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी यावर एक साधा उपाय केला. पोलिसांनी एकमेकांना आडनावाने हाक मारू नये, छातीवरच्या आणि टेबलावरच्या पाटीवर फक्त पहिले नाव असावे. बंदूक बाळगणाऱ्या खात्याला जे सुचले ते खडू बाळगणाऱ्या खात्याला का सुचू नये? हजेरीत आडनाव लागतेच, पण हाक तरी पहिल्या नावाने मारता येते. आणि मुलांनी मोबाइलवर जे पाहिले त्याबद्दल कुणा मोठ्या माणसाने त्यांच्याशी शांतपणे बोलायला हवे होते. ते ना घरी झाले ना शाळेत.

मुलींचा प्रश्न या सगळ्यात एकदा येतो आणि शेवटी पुन्हा येतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. राज्याचे प्रमाण त्याच्या निम्मे, २१.९ टक्के आहे. कारखान्याला जाताना वयात आलेल्या पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे, फडात नेली तर रात्री कोपीत दाराविना ती सुरक्षित कशी राहणार, या भीतीतून ही लग्ने लागतात. जोडी झाली की एक कोयता वाढतो, उचल वाढते, हेही आहेच. आठवीतल्या मुलीला सहामाहीच्या सुमारास कळते की आपले ‘जमवायचे’ चालू आहे. तिचे गुण घसरतात, ती गैरहजर राहू लागते, मैत्रिणींशी बोलत नाही. ही सगळी लक्षणे शिक्षकाला दिसतात, पण ती विवाहाच्या खटपटीशी जोडली जात नाहीत. शाळांत तक्रारपेट्या आहेत, २०२२ पासून सखी सावित्री समित्या आहेत, कागदोपत्री तरी आहेत. चाळीस पोरांच्या शाळेत पेटीत चिठ्ठी टाकली तर अक्षरावरून पोर ओळखू येते, हे पेटीचा आदेश काढणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. त्या मुलीला पेटीपेक्षा आठवड्यातून एकदा येणारी, गावच्या नात्यागोत्यात नसलेली एखादी ताई हवी आहे. केंद्राचा समुपदेशक आम्ही म्हणतो तो याचसाठी, आणि तो शक्यतो स्त्री असावा.

परीक्षेविषयी थोडक्यात. परळीतून दहावी झालेला हुशार मुलगा लातूरला जातो, तिथे खोली घेतो, नीटच्या क्लासला बसतो. आई-बापांनी त्यासाठी जमीन गहाण टाकलेली असते किंवा कोयत्याची दोन वर्षांची उचल घेतलेली असते, आणि हे त्याला माहीत असते. न्यायालयाचा जुलैचा निकाल खासगी क्लासना लागू आहे, त्यांच्या नोंदणीचे नियम करायला राज्यांना दोन महिन्यांची मुदत होती, ती सप्टेंबरात संपली. पालकांनी प्रवेश घेताना फी किती आणि निकाल किती एवढेच न विचारता समुपदेशक कोण आहे आणि तो कोणत्या वेळी बसतो, हेही विचारावे. उत्तर मिळाले नाही तरी प्रश्न विचारला गेल्याची नोंद क्लासवाले घेतातच.

आता या तीन आठवड्यांपुरते. सुट्टी लागण्याआधी प्रत्येक शाळेला जाणाऱ्या आणि राहणाऱ्या मुलांच्या पालकांची एक सभा घेता येईल. कारखाना कुठला, मुकादम कोण, फोन कुणाचा चालू असतो आणि मुलाशी बोलायची वेळ कोणती, एवढे लिहून घ्यायला अर्धा दिवस पुरतो. आजी-आजोबांना त्या सभेत खुर्ची द्यावी, कारण पुढचे सहा महिने पालक तेच आहेत. शिक्षण हमी कार्डावर वाचता येते का, गणित येते का याची नोंद होते, तिथेच मूल कशाला घाबरते आणि कशात रमते याची एक ओळ आणि १४४१६ हा क्रमांक लिहावा, म्हणजे तिकडच्या गुरुजींना पोर एकदम परके वाटणार नाही. हंगामी वसतिगृहे गाडी निघण्याच्या दिवसापासून उघडावीत, निधी येण्याच्या दिवसापासून नव्हे. मार्चमध्ये मुले परततील तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असेल, तेव्हा त्यांचा पहिला आठवडा पेपरांत जाऊ नये याचीही तजवीज आताच करावी लागेल. यातल्या कशालाही नवे अंदाजपत्रक लागत नाही, केंद्राच्या समुपदेशकाचे मानधन तेवढे लागेल. बीड जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने याचे परिपत्रक येत्या आठवड्यात काढावे. १ नोव्हेंबरनंतर ते शाळेत पोहोचले, तर ज्यांना ते वाचून दाखवायचे ते पालक गावात नसतील.